१९५/६५ ऐवजी २०५/६५ टायर बसवले तर गाडीत नक्की काय बदलतं?

पायवाट

मंडळी, टायर बदलायची वेळ आली आहे. गाडीची मूळ साइझ १९५/६५ आर १५, पुढे ९१ एच लिहिलंय. मागचे दोन अजून बरे आहेत, खाचेची खोली साडेचार मिमी भरली. पुढचे मात्र पार गोटा झालेत. खाचेतली झिजेची खूण रबराच्या बरोबरीला आली आहे.

मला ज्या कंपनीचे टायर हवेत, त्यांच्याकडे ही साइझ सध्या नाही. तीन-चार आठवडे थांबा म्हणतात. टायरवाल्याने दोन पर्याय पुढे केले, २०५/६५ आर १५ किंवा २०५/६० आर १५. त्याचं म्हणणं, "दहा मिलिमीटरचा तर फरक आहे, बिनधास्त टाका."

मला तेवढं बिनधास्त होता येत नाही. महिन्यातून एकदा तरी घरची पाच माणसं आणि सामान घेऊन लांबचा, चढ-उतारांचा प्रवास असतो. स्पीडोमीटर खोटं दाखवेल का, अ‍ॅव्हरेज पडेल का, टायर आत कुठे घासेल का, आणि पुढे नवी साइझ व मागे जुनी असं चालेल का, हे कळल्याशिवाय हात घालावासा वाटत नाही. ज्यांनी स्वतः बदललेत त्यांचे अनुभव वाचायला आवडतील.

गिअर_पाचवा

टाका २०५. रुंद टायर म्हणजे जास्त पकड, सरळ हिशोब आहे. माझ्या गाडीला दोन वर्षं आहेत, काही झालेलं नाही.

निशिगंध

मला यातलं फार कळत नाही म्हणून विचारते. १९५ चे २०५ झाले तर टायर रुंद होणार, हे समजलं. पण ६५ तर तसाच आहे ना? मग उंची तीच राहील, स्पीडोमीटरचा प्रश्न येतोच कुठे?

कॅलिपर

निशिगंध, अगदी इथेच बहुतेक लोक फसतात, म्हणून आधी तेच सांगतो. मी बरीच वर्षं टायर आणि अलाइनमेंटच्या कामात आहे.

१९५ ही रुंदी, मिलिमीटरमध्ये. ६५ हे मिलिमीटर नाहीत, ते टक्के आहेत. साइडवॉलची, म्हणजे रिमपासून रस्त्यापर्यंतच्या टायरच्या बाजूची, उंची रुंदीच्या ६५ टक्के, असा त्याचा अर्थ. शेवटचा १५ हा रिमचा व्यास, आणि तो इंचात. एकाच ओळीत मिलिमीटर, टक्के आणि इंच अशी तीन मापं कोंबलेली आहेत. त्यामुळे रुंदी वाढवून ६५ तसाच ठेवला, तर उंची आपोआप वाढते.

पायवाट, तुमच्या टायरचा हिशोब असा. १९५ चे ६५ टक्के म्हणजे १२६.७५ मिमी. साइडवॉल वरही असते आणि खालीही, म्हणून दुप्पट, २५३.५. रिम १५ इंच म्हणजे ३८१ मिमी. बेरीज ६३४.५ मिमी. हा तुमच्या टायरचा एकूण व्यास.

याच रीतीने २०५/६५ आर १५ चा व्यास ६४७.५ येतो. म्हणजे १३ मिमी मोठा, दोन टक्क्यांहून जरासा जास्त. २०५/६० आर १५ चा येतो ६२७. साडेसात मिमी लहान, साधारण १.२ टक्के.

टायरवाल्याने "दहा मिलिमीटर" म्हणून दोन्ही एकाच तराजूत टाकले, पण ते तुमच्या टायरपासून उलट दिशांना गेलेले आहेत. एकाने गाडी साडेसहा मिमी वर उचलली जाईल, दुसऱ्याने पावणेचार मिमी खाली बसेल. आता उदाहरणाला २०५/५५ आर १६ बघा. तिन्ही आकडे वेगळे दिसतात, पण व्यास ६३१.९, फरक जेमतेम अडीच मिमी. २२५/४५ आर १७ तर ६३४.३, जवळपास तुमचाच टायर. नाव जुळतं की नाही ते बघू नका, व्यास काढा.

आणि काहीही ठरवण्याआधी ड्रायव्हरचं दार उघडून खांबावरचा स्टिकर वाचा. कंपनीने या गाडीला कोणकोणत्या साइझ चालतात ते बहुतेक वेळा तिथे असतं, सोबत हवा किती भरायची तेही. नसेल तर गाडीच्या पुस्तिकेत असतं.

लांबचा_प्रवासी

मी नेमका हाच बदल केला होता, १९५/६५ वरून २०५/६५, चारही चाकांना. जवळपास चाळीस हजार किलोमीटर चालवले, आता पुढचा संच घ्यायचा आहे. जे दिसलं ते लिहितो.

जीपीएस लावून बघितलं. आधी काटा १०० वर असताना जीपीएस ९५ दाखवायचा, नव्या टायरवर ९७. म्हणजे माझ्या बाबतीत स्पीडोमीटर उलट खऱ्याच्या जवळ आलं. गाडी खड्ड्यांतून थोडी मऊ जाते. पाचव्या गिअरला इंजिन जरा कमी फिरतं, पूर्वी २५०० आरपीएम असायचे तिथे आता २४५० च्या आसपास.

वाईट काय? चढावर भरलेली गाडी पूर्वी चौथ्यात जायची, तिथे एक-दोन वळणांवर तिसरा टाकावा लागतो. आणि अ‍ॅव्हरेज पडलं. लिटरला १८ मिळायचं, टायर बदलल्यावर १७.३ वर आलं. हे मला मनाला लागलं होतं, खोटं कशाला बोलू.

कॅलिपर

लांबचा_प्रवासी, तुमचं अ‍ॅव्हरेज तेवढं पडलेलं नाही. ओडोमीटर चाकाच्या फेऱ्या मोजतो. चाक मोठं झालं की एका फेरीत गाडी जास्त पुढे जाते, ओडोमीटरला मात्र ते ठाऊक नसतं. तुमच्या ५०० किमीच्या नोंदीत प्रत्यक्षात ५१० किमी झालेले असतात. १७.३ मध्ये ते दोन टक्के मिळवले की १७.६५ होतात. उरलेली घट बहुधा टायर नवे असल्याची. जाड, नवं रबर झिजलेल्या रबरापेक्षा फिरायला जास्त ताकद खातं. त्यामुळे कोणतेही नवे टायर बसवले की सुरुवातीला अ‍ॅव्हरेज थोडं उतरतं, अगदी त्याच साइझचे असले तरी.

चढावर जे जाणवलं ते खरं आहे. चाक दोन टक्क्यांनी मोठं म्हणजे प्रत्येक गिअर दोन टक्क्यांनी लांब. रस्त्यावर मिळणारी ओढ तेवढीच कमी. मोकळ्या गाडीत कळतही नाही. पाच माणसं, सामान आणि लहान इंजिन असलं की कळतं.

निशिगंध

स्पीडोमीटर १०० दाखवतं आणि खरा वेग ९५, हे मला नवीनच आहे. म्हणजे सगळ्या गाड्यांचे काटे खोटे?

आडवळण

खोटे म्हणण्यापेक्षा मुद्दाम एका बाजूला झुकवलेले. संयुक्त राष्ट्रांच्या नियमावलीत स्पीडोमीटरसाठी ३९ क्रमांकाचा नियम आहे आणि बरेच देश तोच किंवा त्याच्यासारखा पाळतात. काट्याने खऱ्या वेगापेक्षा कमी कधीच दाखवायचं नाही. जास्त दाखवलं तर चालेल, पण खऱ्या वेगाच्या दहा टक्के अधिक ४ किमी एवढ्या मर्यादेत. कंपन्या त्यामुळे काटा थोडा पुढेच ठेवतात. टायर झिजलेला, हवा कमी-जास्त, साइझ जराशी वेगळी, असं काहीही असलं तरी काटा खऱ्याच्या खाली जाऊ नये म्हणून.

म्हणून मोठा टायर लावताना जपून. लांबचा_प्रवासी यांच्या गाडीत पाच टक्क्यांची मोकळीक होती, दोन वापरल्या, तीन उरल्या. ज्या गाडीत मोकळीक दीड-दोन टक्क्यांचीच आहे, तिथे हाच टायर काट्याला खऱ्याच्या खाली नेईल. आधी जुन्या टायरवर जीपीएसने बघून ठेवा, सपाट सरळ रस्त्यावर, वेग स्थिर ठेवून. लहान टायरने याच्या उलट होतं, काटा आणखी पुढे पळतो. तिथे धोका नाही, फक्त ओडोमीटर जरा घाईने वाढतं.

सांजसावली

माझा अनुभव थोडा वेगळा आहे, पण सांगावासा वाटतो, कारण वर कॅलिपर यांनी २२५/४५ आर १७ चं नाव घेतलं. मी तेच केलं होतं. मूळ १९५/६५ आर १५ काढून १७ इंची अलॉयवर २२५/४५. व्यास तोच, स्पीडोमीटर तेच, कुठे घासलं नाही, गाडी दिसायला फार सुरेख. कागदावर काहीच चूक नव्हती.

पण साइडवॉल १२७ मिमीवरून १०१ मिमीवर आली. म्हणजे रिम आणि खड्डा यांच्या मधली उशी अडीच सेंटिमीटरने कमी झाली. पहिल्या चार महिन्यांत एका टायरला फुगा आला, एक रिम वाकली. घरातल्या आजींना मागे बसवून नेलं की त्या काही बोलायच्या नाहीत, पण उतरताना कमरेला हात असायचा. ते बघवलं नाही. शिवाय जड ट्रकांनी पाडलेल्या चाकोऱ्यांत स्टिअरिंग आपोआप इकडेतिकडे ओढलं जायचं, दोन्ही हात घट्ट ठेवावे लागायचे.

मी १५ वर परत आले. गाडी परत माझी वाटायला लागली. ज्यांचे रस्ते गुळगुळीत आहेत आणि ज्यांना वळणावर गाडी ताठ हवी आहे, त्यांना कदाचित १७ इंची आवडतील. मला नाही जमलं.

गिअर_पाचवा

सांजसावली, तुमचा त्रास पटला. पण पायवाट रिम बदलत नाहीयेत, फक्त रुंदी दहा मिमीने वाढवताहेत. पकड वाढणारच, यात वाद कसला?

कॅलिपर

वाद नाही, पण जे घडतं ते नीट बघू. रस्त्याला टेकणाऱ्या रबराचं क्षेत्रफळ मुख्यतः दोन गोष्टींवर ठरतं, चाकावरचं वजन आणि आतली हवा. टायर रुंद केला आणि हवा तीच ठेवली, तर टेकलेला भाग साधारण तेवढाच राहतो, त्याचा आकार बदलतो. आधी लांबट होता, आता आखूड आणि रुंद होतो.

कोरड्या रस्त्यावर वळताना हा रुंद आकार बरा. तिथे तुमचं म्हणणं मी मान्य करतो. स्टिअरिंगला गाडी जरा लवकर प्रतिसाद देते, आणि टायर बुटकाही असेल तर ते आणखी जाणवतं. पण साचलेल्या पाण्यात चित्र उलटतं. टायरला समोरचं पाणी बाजूला सारावं लागतं, आणि रुंद टायरसमोर पाण्याची भिंतही रुंद असते. त्यामुळे तो थोड्या कमी वेगाला पाण्यावर तरंगायला लागतो. दहा मिमीने हे फार मोठं होत नाही. खाच किती खोल उरली आहे, त्याने याच्या कितीतरी पट फरक पडतो. म्हणूनच पायवाट यांचे पुढचे दोन टायर आज ज्या अवस्थेत आहेत, त्याची मला साइझपेक्षा जास्त काळजी वाटते. झिजेची खूण १.६ मिमीवर असते. तिथे पोचलेला टायर पावसात तीन-चार आठवडे चालवू नका.

गिअर_पाचवा

हे बरोबर. पावसाचा विचार मी केला नव्हता. माझ्या गाडीचं स्टिअरिंग बदलल्यावर छान लागलं, तेवढ्यावरून लिहिलं होतं.

धुरकट

पुढे एक साइझ आणि मागे दुसरी, हा प्रश्न कुणी अजून हाताळला नाही, म्हणून लिहितोय. माझी गाडी चारही चाकांना ताकद देणारी आहे. पुढचे दोन टायर कापले गेले, म्हणून पुढे दोन नवे घेतले. साइझ अगदी तीच, फक्त कंपनी वेगळी. मागचे अर्धे झिजलेले. बसवणाऱ्याने काही सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

दोन महिन्यांनी लांबच्या प्रवासात खालून जळका वास यायला लागला. गाडी लावताना स्टिअरिंग पूर्ण वळवलं की झटके बसायचे. पुढचा आणि मागचा आस जोडणारी कपलिंग सतत घसरत होती, कारण पुढची आणि मागची चाकं कधीच सारखी फिरत नव्हती. सरळ रस्त्यावरसुद्धा ती बिचारी दिवसभर वळणात असल्यासारखी काम करत होती. कपलिंग बदलावी लागली आणि वर चार टायर घ्यावे लागले ते वेगळंच.

नंतर वाचलं, सुबारूसारखी कंपनी चारही टायरच्या परिघात पाव इंचापेक्षा, म्हणजे साधारण ६ मिमीपेक्षा जास्त फरक नको म्हणते. परिघातले ६ मिमी म्हणजे खाचेत फक्त १ मिमीचा फरक. माझ्याकडे तो तिप्पट होता. तुमची गाडी दोनच चाकांवर चालणारी असेल तर एवढं कडक नाही, पण आधी खात्री करा.

पायवाट

धुरकट, वाचून वाईट वाटलं. माझी गाडी फक्त पुढच्या चाकांवर चालते. कॅलिपर, मग पुढे २०५ आणि मागे माझे जुने १९५ असं केलं तर?

कॅलिपर

हिशोब मांडतो, मग तुम्हीच ठरवा. नव्या टायरची खाच साधारण ८ मिमी धरू. मागच्या टायरची साडेचार उरली, म्हणजे साडेतीन झिजली. दोन्ही बाजूंनी धरून व्यास ७ मिमीने घटला. ६३४.५ चे ६२७.५ झाले.

पुढे नवा २०५/६५ बसवला तर पुढचा व्यास ६४७.५, मागचा ६२७.५. वीस मिमीचा फरक, तीन टक्क्यांहून जास्त. एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) आणि गाडी घसरू न देणारी यंत्रणा चारही चाकांच्या वेगाची सतत तुलना करत असतात. मागची चाकं कायमच तीन टक्के जास्त वेगाने फिरताना दिसली, तर त्यांच्या निर्णयाचा पायाच हलतो. काही गाड्या सांभाळून घेतात, काहींमध्ये दिवा लागतो. मी स्वतःच्या गाडीत हे करणार नाही.

गंमत म्हणजे नवा २०५/६० ६२७ भरतो, म्हणजे तुमच्या झिजलेल्या मागच्या टायरशी हुबेहूब जुळतो! पण त्याने हुरळू नका. मागचे बदलाल तेव्हा हीच जुळणी बिघडेल. आणि पुढे रुंद, नवे, मागे अरुंद, झिजलेले अशी जोडी झाली तर ओल्या वळणावर पुढची चाकं रस्ता धरून ठेवतील आणि मागची आधी सुटतील. मागची बाजू निसटली की साध्या माणसाला ती सावरता येत नाही. त्यामुळे दोनच नवे घेणार असाल, तर साइझ कोणतीही असो, ते मागे बसवा आणि मागचे बरे असलेले पुढे आणा. टायर बनवणाऱ्या कंपन्याही हेच सांगतात, गाडी पुढच्या चाकांवर चालणारी असली तरी.

लांबचा_प्रवासी

नवे मागे, यावर माझा विश्वास बसत नव्हता. ब्रेक आणि स्टिअरिंग पुढे, मग चांगले टायर मागे कशाला, असं वाटायचं. एकदा पावसात उतरत्या वळणावर मागून गाडी फिरली तेव्हा कळलं. पुढचं सुटलं तर पाय उचलल्यावर गाडी परत धरते. मागचं सुटल्यावर विचार करायला वेळच मिळत नाही.

आडवळण

कॅलिपर यांच्या गणितात एक बारकावा जोडतो. झिजेमुळे व्यास ७ मिमीने घटतो हे बरोबर, पण एका फेरीत कापलं जाणारं अंतर तेवढ्या प्रमाणात घटत नाही. रेडियल टायरच्या पोटात, रबराखाली, स्टीलचा पट्टा असतो. तो ताणला जात नाही, आखडतही नाही. टायर टेकतो तिथे चपटा होतो आणि फिरताना बऱ्याच अंशी त्या पट्ट्याच्या लांबीवर फिरतो. म्हणूनच ६३४.५ व्यासाचा परिघ गणिताने १९९३ मिमी येतो, पण हा टायर रस्त्यावर एका फेरीत साधारण १९३५ मिमीच जातो. वरचं रबर झिजलं की अंतर कमी होतं, मात्र व्यासाच्या हिशोबाने वाटतं त्याहून कमी. साइझ बदलली की पट्टाच मोठा-लहान होतो, तिथे फरक पुरेपूर पडतो.

खडू असेल तर कुणीही मोजू शकतं. टायरवर आणि जमिनीवर एकेक खूण करायची, गाडी सरळ ढकलत पाच फेऱ्या न्यायची, टेपने अंतर मोजायचं.

सांजसावली

दोन गोष्टी राहिल्यात. एक, वजन पेलण्याचा आकडा. पायवाट यांच्या टायरवर ९१ आहे, म्हणजे एका टायरला ६१५ किलो. मला एकदा दुकानात ८८ चे दाखवले होते, ते ५६० किलोचे. एका टायरमागे ५५ किलो कमी. पाच माणसं आणि सामान न्यायचं असेल तर हा आकडा खाली जाता कामा नये. वर गेला तर चालतो. वेगाच्या अक्षराचंही तसंच, एच म्हणजे ताशी २१०, टी म्हणजे १९०. गाडीला सांगितलंय त्याच्या खालचं घेऊ नये.

दुसरी, रिमची रुंदी. रिमवर ६जे, साडेसहा जे असं कोरलेलं असतं. टायर प्रत्येक रुंदीच्या रिमवर नीट बसत नाही.

कॅलिपर

सांजसावली ताई, आभार, हे मीच आधी लिहायला हवं होतं. १९५/६५ ला साडेपाच ते सात इंच रुंद रिम चालते, २०५/६५ ला साडेपाच ते साडेसात. ६ इंच रुंद, म्हणजे ६जे, रिमवर दोन्ही व्यवस्थित बसतात. रिम अर्ध्या इंचाने रुंद केली की टायरची रुंदी साधारण ५ मिमीने पसरते, त्यामुळे त्याच साइझचा टायर दोन गाड्यांत वेगवेगळा रुंद दिसू शकतो.

आणि घासण्याचं. पायवाट, २०५/६५ बघायचाच असेल तर एक टायर पुढे चढवून तीन जागा तपासा. आत शॉकअपच्या बाजूला बोट सहज फिरतं का. स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवून, पुढे आणि रिव्हर्समध्येही, मडगार्डच्या आतल्या प्लास्टिकला टायर लागतो का. आणि मागच्या सीटवर माणसं बसवून खड्ड्यातून नेल्यावर मागे काही खरवडतं का. उभ्या, मोकळ्या गाडीत बघून "बसतो" म्हणणाऱ्यांवर विसंबू नका.

निशिगंध

स्टेपनीचं काय? चार मोठे घातले आणि स्टेपनी जुन्या साइझची राहिली तर?

कॅलिपर

पंक्चर काढून घेईपर्यंत चालते. डिफरन्शियल दोन चाकांना वेगवेगळं फिरू देण्यासाठीच असतो. दहा मीटर त्रिज्येच्या वळणात बाहेरचं चाक आतल्यापेक्षा साधारण १६ टक्के जास्त अंतर जातं, त्यापुढे दोन टक्के किरकोळ. पण वळण संपतं, आणि स्टेपनीचा फरक प्रत्येक मीटरला चालू राहतो. म्हणून वेग आवरता ठेवायचा आणि लवकर काढायची. साध्या डिफरन्शियलच्या गाडीपुरतं हे बोलतोय. धुरकट यांच्यासारख्या गाडीत पुस्तिका सांगेल तसंच करायचं.

टायरच्या हवेचा दिवा असेल तर तोही नव्याने शिकवावा लागतो. काही गाड्यांत चाकात वेगळा सेन्सर नसतो, चाकाच्या फिरण्यावरूनच हवा ओळखतात. टायर बदलल्यावर हवा नीट भरून यंत्रणेला नव्याने शिकवायचं बटण दाबलं नाही, तर यंत्रणा जुन्या टायरच्या हिशोबाने इशारा देत बसते.

पायवाट

सगळ्यांचा फार आभारी आहे. काय केलं ते लिहितो.

दाराच्या खांबावरच्या स्टिकरवर दोनच साइझ निघाल्या, १९५/६५ आर १५ आणि २०५/५५ आर १६, दोन्हींना ९१. रिमवर ६जे. जीपीएस लावला तर झिजलेल्या टायरवर काटा १००, खरा वेग ९६.

तरी मनाची खात्री म्हणून २०५/६५ चा एक टायर पुढे चढवून बघितला. शॉकअपच्या बाजूला जागा होती. सरळ आणि डावीकडे काही नाही. उजवीकडे पूर्ण वळवून रिव्हर्स घेताना मात्र आतलं प्लास्टिक खरखरलं. टायरवाला म्हणाला, तेवढं हीटगनने मागे दाबून देतो. मी नको म्हटलं. गाडीत मागे तीन माणसं बसवल्यावर पुढे काय होईल, हे त्यालाही सांगता येईना.

स्टेपनी काढून तात्पुरती वापरावी असाही विचार आला. बाजूवरच्या तारखेचे चार आकडे वाचले तर २३१५. म्हणजे २०१५ सालातला तेविसावा आठवडा. एकदाही जमिनीला न लागलेला टायर, पण साइडवॉलला बारीक चिरा. परत डिकीत ठेवला, आणि तोही बदलायच्या यादीत लिहिला.

शेवटी हट्ट सोडला तो कंपनीचा. दुसऱ्या एका कंपनीचे १९५/६५ आर १५, ९१ व्ही, मिळाले. दोन घेतले आणि कॅलिपर म्हणाले तसे मागे बसवले. मागचे पुढे आणले, अलाइनमेंट करून घेतली. आधीचे दोन गोटा टायर तिथेच सोडले.

आणि आडवळण, मी खडू घेऊन मोजलं. मुलीने टेप धरला. पाच फेऱ्यांत नवे टायर ९ मीटर ६९ सेंमी गेले, साडेचार मिमीवाले ९ मीटर ६३. फरक ०.६ टक्के. व्यासाच्या गणिताने १.१ यायला हवा होता, म्हणजे तुमचा तो स्टीलचा पट्टा खरंच काम करतोय. तिला हे इतकं आवडलं की तिने नंतर सायकलचं चाकही मोजलं.

आडवळण

वा! हा आकडा मी जपून ठेवतो. असं प्रत्यक्ष मोजून सांगणारा फार क्वचित भेटतो.

धुरकट

०.६ वर मी रात्री शांत झोपलो असतो.

कॅलिपर

उत्तम केलंत. दोन कामं राहिली. नव्या टायरवर पहिले काही शे किलोमीटर जोरात ब्रेक आणि ओल्या वळणावर वेग टाळा, साच्यातून निघालेल्या रबरावर गुळगुळीत थर असतो, तो जायला वेळ लागतो. आणि पन्नास-शंभर किलोमीटरनंतर चाकांचे नट पुन्हा आवळून घ्या, गाडी जमिनीवर उभी असताना, पुस्तिकेत दिलेल्या टॉर्कला, म्हणजे आवळायच्या जोराला.

पायवाट

आज सकाळी ऐंशी किलोमीटर झाले, टॉर्क पाना घेऊन बसलो. पुढचे सगळे घट्ट होते. मागच्या डाव्या चाकाचा एक नट पाव फेरी फिरला. उद्या पाच जण निघतोय.